चिठ्ठी लेकरांच्या हाती द्यायची नाही

शाळेत नोकरी केलेल्या माणसाकडं किस्से कधी साठतात, ते त्यालाही कळत नाही. खडूची भुकटी बाहीवर बसते तसे ते बसतात. घरी येऊन झटकले तरी निम्मे तिथंच!

आमच्या घरात तर दुप्पट साठले, कारण मी आणि शैला एकाच शाळेत होतो. उदगीरहून देवणीकडं जाताना रस्ता सोडून दोन मैल आत चालत गेलं की ते गाव लागायचं. चौथीपर्यंतची शाळा, तीन खोल्या, तीन शिक्षक. हेडमास्तर बिरादार गुरुजी, मी, आणि नांदेडहून नेमणूक होऊन आलेल्या शैलाबाई. आमचं लग्न पुढं झालं. हे किस्से त्याआधीचे, म्हणून यात तिला बाईच म्हणतो.

बिरादार गुरुजी आता थकलेत. तरी महिन्यातून एकदा एसटीनं लातूरला माझ्याकडं येतात. चहा झाला की म्हणतात, "सर, ती चिठ्ठीची गोष्ट सांगा हो." मी सांगायला लागलो की शैला आतून दुरुस्त्या करायची. "दूध नव्हतं आणलं त्यांनी, ताक होतं ताक!"

गेल्या श्रावणात ती गेली. आता आम्ही दोघं सांगता सांगता मध्येच थांबतो, आतून कुणी चूक काढेल म्हणून. कुणी काढत नाही. तेव्हा चुकांसकट लिहून ठेवतो.

*

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पाऊस झाला नाही.

नव्या जिल्ह्याचे नवे हुकूम रोज येत होते, पण छापील कागद जुनेच होते. सगळ्यांच्या डोक्यावर 'उस्मानाबाद'. गुरुजी दुपारच्या सुट्टीत खुर्ची बाहेर घेऊन बसत, एकेका कागदावरचं 'उस्मानाबाद' पट्टी धरून खोडत आणि वर सुवाच्य अक्षरात 'लातूर' लिहीत.

शाळेच्या पायरीवर दगडू आजोबा नावाचे एक म्हातारे रोज बसायला यायचे. त्यांनी दोन दिवस हे बघितलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय करूलालाव, गुरुजी?"

"जिल्हा बदलूलालो, आजोबा."

आजोबांनी वर आभाळाकडं बघितलं, मग गुरुजींच्या पेनाकडं बघितलं.

"हे तुमच्या हातात हाय व्हय? मग जरा पावसाचं बी बगा की!"

*

त्या कागदांतच एक कागद पालकांना धाडायचा होता. नवा हुकूम असा, की ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्या आईबापाला लेखी कळवा. मजकूर छापलेलाच होता. 'आपणास कळविण्यात येते की, आपला पाल्य अमुक, इयत्ता अमुक, यास वाचता येत नाही. तरी आपण योग्य ते लक्ष द्यावे.' खाली 'पालकाची सही'.

पहिली चिठ्ठी आम्ही तिसरीतल्या बळीच्या दप्तरात घालून धाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बळीचा बाप दारात हजर. हातात चरवी, डोळे ओले.

"गुरुजी, तुमची चिठ्ठी पोरानं वाचून दावली. त्याची आय रडली बगा."

गुरुजी घाईनं म्हणाले, "अहो, रडायचं कशाला? होईल सुधारणा."

"सुधारना? आता आनखी काय सुधारायचं ऱ्हायलं? तुमीच लिवलंय न्हवं, असं हुशार लेकरू साऱ्या शाळंत दुसरं न्हाई, त्याला रोज पेलाभर दूद देत जावा म्हनून!"

आम्ही तिघांनी बळीकडं बघितलं. बळी भिंतीवरच्या नकाशात काहीतरी शोधत होता.

"घरात एकच गाय. दूद आता त्याला लागतंय," बाप म्हणाला, "म्हनून तुमाला ताक आनलंय."

म्हणजे ताकच होतं. शैलाचंच बरोबर, हे आत्ता लिहिताना कळलं.

बाप गेल्यावर गुरुजी डोक्याला हात लावून बसले. "आता खरं कसं सांगावं?"

बाई म्हणाल्या, "ज्याला वाचता येत नाही त्याच्याच हाती वाचायला दिलं आपण! तो तरी काय करील?" आणि त्यांनी तीन पेले मांडले.

त्या दिवशी गुरुजींनी नियम केला. चिठ्ठी लेकरांच्या हाती द्यायची नाही. आपण घरी जायचं आणि तोंडी सांगायचं.

*

नियम गुरुजींचा, म्हणून पहिले गुरुजीच गेले. कपाळाला विभूती, खांद्यावर उपरणं, हातात रजिस्टर. चौथीतल्या संतरामला जोडाक्षर दिसलं की घाम फुटायचा, एवढंच त्याच्या बापाला सांगायचं होतं.

दुपारी गेलेले गुरुजी दिवस कलताना परत आले. हातात नारळ, डोक्यावर नवी टोपी.

"सांगितलं का, गुरुजी?" मी विचारलं.

"कसं सांगू हो, सर? दारात पाय ठेवला तर आत संतरामच्या बहिणीला बघायला पाहुणे बसलेले. मला मध्ये बसवलं. बोलणं अडलं होतं, जरा समजूत घातली. जुळली सोयरीक!"

"आणि संतरामचं वाचन?"

"पाहुण्यांसमोर कसं बोलावं? त्यांनी विचारलं, मुलीचा भाऊ शाळेत कसा आहे? मी म्हटलं, घरातली सगळी लेकरं हुशार."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी गेले. तिथून बारशाचं नाव ठरवून आले. तिसऱ्या घरी दोन भावांतला अबोला सोडवला आणि जेवूनच आले. वाईट बातमी सांगायला त्यांची जीभच वळायची नाही.

शेवटी बाईंनी रजिस्टर त्यांच्या हातून काढून घेतलं. "गुरुजी, तुम्ही आता जाऊच नका. अशानं गावात लग्नं सगळ्यांची होतील, वाचायला कुणाला येणार नाही!"

*

मग माझी पाळी. मला वाटायचं, मी स्पष्ट बोलणारा माणूस.

दगडू आजोबांचा नातू दत्तू माझ्या वर्गात होता. आजोबा पायरीवर होतेच, तिथंच सांगून टाकलं. "आजोबा, दत्तूला वाचता येत नाही. लक्षच नसतं त्याचं."

आजोबांनी विचारलं, "पुस्तकातलं बी येत न्हाई?"

"पुस्तकातलं वाचतो अडखळत. फळ्यावरचं मुळीच नाही."

आजोबांनी दत्तूला हाक मारून जवळ उभं केलं आणि काठी समोर केली.

"दत्त्या, त्या लिंबावर कोन बसलंय रे?"

दत्तू म्हणाला, "कुठल्या लिंबावर, आबा?"

आवारात एकच लिंब होता. वीस पावलांवर. त्यावर चार कावळे बसले होते.

आजोबांनी काठी खाली घेतली. "मास्तर, तुमी दोन वर्सं शिकवूलालाव न्हवं ह्याला?"

उदगीरहून दत्तूला चष्मा आणला. पहिल्या दिवशी त्यानं फळ्यावरचं सगळं वाचलं, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, तुमाला मिशी हाय व्हय!"

*

यानंतर सांगतो तो किस्सा नव्हे. पण तो वगळला तर पुढचं कळणार नाही.

माझ्या वर्गात यमुना नावाची मुलगी होती. तिच्या बापाला मी घरी जाऊन नीट, शांतपणे सांगितलं, की ती वाचनात मागं आहे, घरी थोडा वेळ द्या. त्यानं ऐकून घेतलं. मला आदरानं वेशीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "बरं झालं सांगितलं, मास्तर."

गावाच्या वर पाझर तलावाचं काम चालू होतं. शेतात काहीच नव्हतं, म्हणून सगळं गाव तिथं माती वाहायला जाई. तिसऱ्या दिवशी सकाळी यमुना शाळेसमोरून आईच्या मागं तलावाकडं चाललेली दिसली. डोक्यावर टोपलं. मला बघून थांबली, टोपलं एका हातानं धरलं आणि वर्गात शिकवलं होतं तसं म्हणाली, "नमस्ते, सर."

तिचं नाव मीच हजेरीतून कमी केलं. बाई त्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "आपण कळवायचं कशासाठी, ते आधी ठरवायला पाहिजे होतं."

*

सोजर ही बाईंच्या चौथीच्या वर्गातली. वर्गात सगळ्यात सुरेख वाचणारी! कुणी पाहुणा आला की तिलाच उभं करायचं. खणखणीत आवाज, पूर्णविरामाला थांबणं, प्रश्नाला स्वर वर नेणं. गुरुजी म्हणायचे, "सोजर वाचती, म्हणून शाळेची अब्रू हाय."

तिचा बाप ग्यानोबा तलावावर कुदळ मारायचा. कमी बोलणारा माणूस. तलावाचं काम सुरू झालं तेव्हा तो बाईंना सांगून गेला होता, "बाई, पोरगी वाचती म्हनतेत सारे, म्हनून ठिवलीय शाळंत. वाचाय येईना झालं तर सांगा. टोपलं वाहायला हात कमी पडूलालेत."

दिवाळीनंतर एके दिवशी बाई रांगांतून फिरत होत्या आणि सोजर वाचत होती. शेतकरी आणि सशाचा धडा. तिनं पान उलटलं, वाचलं. पुन्हा उलटलं, वाचलं. बाई तिच्या मागं येऊन थांबल्या आणि तिथंच राहिल्या.

मधल्या सुट्टीत त्या सोजरचं पुस्तक घेऊन माझ्याकडं आल्या. पुस्तकाला कागद चढवताना पिठाची खळ आत सांडली होती आणि दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. बाईंनी ती उजेडासमोर धरली.

"सर, हिनं चिकटलेली पानं वाचली. एक अक्षर न चुकता!"

वर्गात कुणी एकदा मोठ्यानं वाचलं की ते तिला पाठ व्हायचं. पान कधी उलटायचं, तेही पाठ. चार वर्षं तिनं असंच 'वाचलं' होतं आणि आम्ही तिघंही शाबासकी देत होतो.

बाईंनी तिला बाजूला बोलावून वर्तमानपत्राचा तुकडा दिला. सोजरनं तो दोन्ही हातांत धरला. बघितला. मग नीट चौघडी करून परत दिला.

"बाई, हे मला अजून कुनी वाचून न्हाई दावलं."

*

आता सोजरच्या घरी कळवायचं का? हुकूम म्हणत होता, कळवा. यमुनाचं टोपलं म्हणत होतं, कळवू नका. बाई रोज शाळा सुटल्यावर तिला अर्धा तास बसवायच्या. पण पुस्तक उघडलं की सोजरला पाठ असलेलं आठवायचं, आणि पाठ नसलेलं पुस्तक दिलं की ती भेदरायची. बोट अक्षरावर ठेवायचीच नाही.

माघात विस्तार अधिकारी साहेब मोटारसायकलवरून तपासणीला आले. नव्या जिल्ह्यात कामाला वेग होता! त्यांनी रजिस्टर उघडलं. तीन रकाने. पाल्याचे नाव. पालकांना कळविले काय. कोणी कळविले.

सोजरच्या नावापुढं दोन्ही रकाने कोरे.

"ही कोण? कळवलं नाही हिच्याकडं?"

"कळवणार आहे, साहेब," बाई म्हणाल्या.

"केव्हा?"

"पाऊस पडल्यावर."

साहेब चक्रावले. "बाई, वाचनाचा आणि पावसाचा काय संबंध?"

तोपर्यंत गप्प असलेले गुरुजी म्हणाले, "साहेब, पाऊस पडला की तलावाचं काम बंद होतंय. मग टोपल्याला हात लागत न्हाईत."

साहेबांनी खिडकीतून वर तलावाकडं बघितलं. माणसांची लांबच लांब ओळ दिसत होती. त्यात लहान डोकीही होती. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"वार्षिक परीक्षेआधी हे रकाने भरलेले पाहिजेत," ते म्हणाले. मग किक मारता मारता थोडं हळू, "कसे भरायचे, ते तुम्ही बघा."

*

फाल्गुनात गावची विहीर आटली आणि टँकर सुरू झाला. तो शाळेच्या भिंतीपाशी थांबायचा, म्हणून घागरींची रांगही तिथंच. माणसं तलावावर, घागरी रांगेत. टँकरची वेळ झाली की बायका येत.

बाईंनी ठरवलं, बापाला नाही तर निदान आईला तरी सांगायचं. सोजरची आई शेवंता रांगेत दिसली तशा त्या तिच्याकडं गेल्या. मी मागं, दोघांच्या घागरी घेऊन.

"शेवंताबाई, सोजरबद्दल जरा बोलायचं होतं."

एवढंच म्हणायचा अवकाश. शेवंतानं बाईंचा हात धरला आणि त्यांना ओढतच लिंबामागं नेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी सुरू.

"बाई, तुमच्या पाया पडते. तिचं नाव काढू नका."

"नाव? नाव कोण काढतंय?"

"तुमाला कळलं न्हवं, तिला वाचाय येत न्हाई ते?"

बाई बघतच राहिल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसरीपासनं. मास्तरला कळलं तर शाळंतून काढतील, म्हनून मी कुनालाच बोलले न्हाई. तिच्या बापाला बी न्हाई. रोज तुमी दिसला की छातीत धडधड!"

"अहो, आणि तुम्हाला कळलं तर तुम्ही काढाल, म्हणून आम्ही गप्प!"

शेवंतानं पदरानं डोळे पुसले. 

"म्हंजी बाई, आपुन दोघी एकमेकीपासूनच लपवूलालाव व्हय?"

मग दोघी अशा हसल्या, की रांग पुढं गेली आणि आमच्या तिघांच्या घागरी मागंच राहिल्या.

परत निघताना शेवंता सहज म्हणाली, "पुस्तकाला भेती ती, बाई. घागरीला न्हाई भेत. घरी बसल्या बसल्या घागरीवरचं नाव बोटानं चाचपत बसती. सारखं."

*

ज्यांच्या घरात भांडी आहेत त्यांना सांगायला नको. तांब्यापितळेच्या भांड्यावर नाव घालून घेतल्याशिवाय ते आपलं होत नाही. बारीक छिन्नीनं टोचून टोचून टिंबाटिंबांची अक्षरं. कुणाचं नुसतं नाव, कुणाचं 'मामाकडून सप्रेम भेट', कुणाचं 'लग्नाप्रीत्यर्थ'.

शाळेच्या भिंतीपाशी रोज साठ-सत्तर घागरी मांडलेल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्याशी असा एक धडा! कुणी तो मोठ्यानं वाचून दाखवलेला नाही, म्हणून पाठ होण्याचा प्रश्न नाही. आणि अक्षरं अशी, की बोट ठेवावंच लागतं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वाचनाचा तास रांगेत घ्यायला सुरुवात केली. पुढं बाई, मागं सोजर. अडचण एकच. पोच्यांवरून, रंगावरून कुठली घागर कुणाची, हे तिला आधीच ठाऊक. ती लांबूनच सांगायची, "ही गंगाकाकूची."

"मी कुणाची विचारलं नाही. लिहिलंय काय?"

पंधरा दिवस हेच. बाईंची स्वतःची घागरसुद्धा तिनं बोटानं वाचली, 'शै-ला', आणि तोंडावर हात ठेवला. बाईंना नाव असतं, हे तिला नवीन होतं. ती घागर अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी रोज भरतो.

मग एके दिवशी सोजर एका घागरीपाशी अडली. बोट पुढं नेलं, मागं आणलं, पुन्हा पुढं नेलं.

"बाई, ही हाय पाटलीनकाकूची. पन लिवलंय गंगूबाई."

पाटलीणबाई तिथंच होत्या. "काय बोलतीस गं? माझ्या लग्नातली घागर हाय ती!"

सोजर घाबरली नाही. तीन घागरी ओलांडून गंगाकाकूच्या घागरीपाशी गेली. चाचपली. "अन् हिच्यावर हाय पाटलीनकाकूचं नाव."

कुठल्या तरी लग्नात, कुणाच्या तरी पंगतीत, बदलल्या असणार. किती वर्षं दोघी एकमेकींच्या घागरी वाहत होत्या, देव जाणे! रांगेत असा गोंधळ उडाला, की टँकरवाला खाली उतरून बघायला आला.

त्या गोंधळात बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ऐकलंत, सर? तिनं माहीत असलेलं सांगितलं नाही. लिहिलेलं सांगितलं."

*

परीक्षा चार दिवसांवर आली. रजिस्टरातले दोन रकाने कोरेच. बाईंनी कपाटातून छापील कागद काढला, सोजरचं नाव घातलं, इयत्ता घातली. घडी केली आणि कडेला खळ लावून चिकटवून टाकला.

"ही मी सोजरच्या हाती धाडणार."

गुरुजी उठूनच उभे राहिले. "बाई, नियम हाय आपला! चिठ्ठी लेकरांच्या हाती द्यायची नाही!"

"हिच्याच हाती द्यायची, गुरुजी."

"अन् ग्यानोबानं टोपलं दिलं तर?"

बाईंनी चिठ्ठीची चिकटवलेली कड अंगठ्यानं पुन्हा एकदा दाबली.  

संध्याकाळी ग्यानोबा तलावावरून परतला तेव्हा आम्ही तिघं त्याच्या कुडापाशी उभे होतो. तो उंबऱ्याशी बसून पायाची माती कोरड्या फडक्यानं पुसत होता. पाय धुवायला पाणी कुठलं?

"काय गुरुजी? आज तिघं बी?"

गुरुजी खाकरले. बाई म्हणाल्या, "शाळेची चिठ्ठी आहे. सोजरकडं."

सोजरनं बापासमोर उभं राहून घडी फाडली. खणखणीत आवाज नव्हता. पूर्णविरामाला थांबणं नव्हतं. प्रत्येक अक्षरावर बोट, आणि बोट पुढं गेल्याशिवाय तोंड पुढं जात नव्हतं.

"जि-ल्हा प-रि-ष-द..." ती थांबली. "बाई, खोडलेलं बी वाचू का?"

"नको. वर हातानं लिहिलंय ते वाच."

"ला-तू-र. आ-प-णा-स... क-ळ-वि-ण्या-त... ये-ते की, आ-प-ला पा-ल्य... कु-मा-री सो-ज-र ग्या-नो-बा... इ-य-त्ता चौ-थी..." तिनं बोट खालच्या ओळीवर नेलं. "या-स वा-च-ता ये-त ना-ही. त-री आ-प-ण यो-ग्य ते ल-क्ष द्या-वे."

आत शेवंताच्या हातातली भाकरी थापायची थांबली.

ग्यानोबानं कागद मागितला. उलटा केला, सुलटा केला, पुन्हा लेकीला दिला.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. या खेपेला 'योग्य'ला अडखळली नाही.

ग्यानोबानं गुरुजींकडं बघितलं. "गुरुजी, हे तुमी लिवलंय?"

"हाव," गुरुजी म्हणाले. सगळ्या हयातीत त्यांनी वाईट बातमीला दिलेला हा एकच सरळ होकार.

"पोरीला वाचाय येत न्हाई म्हनून?"

"हाव."

"अन् हे आता वाचलं कोन?"

 ग्यानोबानं लेकीच्या बोटाकडं बघितलं. मग त्यानं अंगठा फडक्याला पुसला आणि गुरुजींच्या शाईच्या पॅडवर दाबला. कुठं उठवायचा, ते कळेना.

"हितं," सोजर म्हणाली. "'पालकाची सही' लिवलंय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजिस्टर उघडलं. 'पालकांना कळविले काय' या रकान्यात लिहिलं, 'होय.' शेजारी 'कोणी कळविले' हा रकाना. तिथं पेन थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं,

'सोजरने. वाचून.'